कथा ज्यांची, वाणी त्यांची

(अंबरनाथ तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांच्यासमोर बदलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांमधून आदिवासी समाजाचे जे दर्शन घडते ते कितपत खरे असते, आणि त्या समाजाचे स्वतःचे कथाधन पडद्यावर कोणाच्या मुखातून सांगितले जाते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्रथमदर्शनी हा विषय मुंबई-पुण्याच्या कलावंतांचा वाटेल. पाणीपुरवठा, घरकुले, रस्ते अशा प्रश्नांनी ज्यांची कार्यक्रमपत्रिका भरलेली असते, त्या पंचायत सदस्यांपुढे चित्रपटाची चर्चा कशासाठी, असेही कोणी म्हणेल. या शंकेचे उत्तर आपल्या शाळांमध्येच मिळते.

शाळांच्या स्नेहसंमेलनांत ‘आदिवासी नृत्य’ या नावाचा एक कार्यक्रम पुष्कळ ठिकाणी असतो. मुलांच्या अंगाला काळा रंग फासलेला, कमरेला पानांचे झालर, डोक्यावर पिसे, हातात भाला आणि मुखी कोणत्याही भाषेत नसलेले चीत्कार. हा पोषाख ठाणे जिल्ह्यातील कोणत्याही वाडीवर कोणी घालत नाही. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी किंवा वारली यांच्यापैकी कोणाची बोली अशी नाही. मग हे आले कोठून? ते हिंदी चित्रपटांतील गाण्यांमधून आले. नायक-नायिका जंगलात वाट चुकतात, तेथे एक टोळी त्यांना पकडते आणि मशालींच्या उजेडात नाच होतो, हा प्रसंग अनेक वर्षे पडद्यावर पुनःपुन्हा दाखविला गेला. पडद्यावरून तो शाळेच्या रंगमंचावर उतरला. त्याच शाळेच्या अंगणात कातकरी वाडीवरचा विद्यार्थीही बसलेला असतो. आपल्या समाजाविषयी शाळेने सांगितलेली पहिली गोष्ट त्याला तेथे पाहावयास मिळते, आणि ती खोटी असते. तेव्हा हा विषय शिक्षणाचा आहे, पंचायतीचा आहे आणि म्हणून आपल्या सर्वांचा आहे.

शहराच्या काठावरचा समाज

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी ही स्थानके लागतात. गेल्या काही दशकांत या पट्ट्यात कारखाने आले, वसाहती आल्या, उंच इमारती आल्या. परंतु गाडीतून बाहेर पाहिले की मलंगगड आणि चंदेरी यांची रांगही दिसते, आणि तिच्या पायथ्याशी ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्या वेळच्या अविभाजित ठाणे जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १५ लाखांहून अधिक होती, तर संपूर्ण राज्यात ती सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ९ टक्क्यांहून थोडी अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे आदिवासीबहुल तालुके त्या जिल्ह्यात गेले. उरलेल्या ठाणे जिल्ह्यात नागरी वस्तीचे प्राबल्य इतके आहे की अंबरनाथ-बदलापूरच्या वाड्यांतील आदिवासी सहज नजरेआड होतो.

कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. कोलाम आणि माडिया गोंड या अन्य दोन. खैराच्या झाडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा एके काळचा व्यवसाय, आणि त्यावरूनच त्यांचे नाव पडले. जंगलावरील निर्बंधांमुळे तो व्यवसाय गेला. आज पुष्कळ कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की परततात. कुटुंबाबरोबर मुले जातात आणि मुलांबरोबर शाळाही सुटते. ज्या समाजाचे वर्षातील कित्येक महिने असे स्थलांतरात जातात, त्याचे ग्रंथालय त्याच्या स्मरणातच असणार. आजी-आजोबा हेच त्याचे ग्रंथ होत.

अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० मध्ये, शिलाहारांच्या काळात उभे राहिले. नऊशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याच्या भिंतींवरील शिल्पे आपण आजही पाहू शकतो, आणि त्यांच्या रक्षणासाठी कायदा आहे. त्याच मंदिरापासून काही कोसांवर असलेल्या वाडीवरील वृद्धेच्या मुखातील कथेला असे कोणतेही कवच नाही. ती वृद्धा गेली की कथाही जाते.

कथेला वेळ असते, जागा असते

आदिवासींच्या मौखिक परंपरेचे स्वरूप नीट समजून घेतल्याखेरीज चित्रपटाने तिचे काय केले हे कळणार नाही. आपण कथा म्हणतो तेव्हा छापील पुस्तक डोळ्यांपुढे येते. ते केव्हाही उघडावे, केव्हाही मिटावे. मौखिक कथेचे तसे नसते. वारली विवाहात धवलेरी, म्हणजे विधी सांगणारी व गाणारी स्त्री, जे गाते ते विवाहातच गायचे असते. भिंतीवर विवाहाचा चौक लिहिला जातो तो त्या प्रसंगापुरता. कणसरी या धान्यदेवतेची कथा पिकाच्या चक्राशी जोडलेली आहे. तारपा हे दुधी भोपळ्यापासून केलेले वाद्य. तारपा वाजविणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा तेथील दंडक. हा केवळ नाचाचा नियम नसून समाजाचा आपल्या परंपरेशी असलेला संबंध त्यात व्यक्त होतो.

चित्र आणि कथा यांची सांगडही या समाजांनी चित्रपटाच्या किती तरी आधी घातली होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी ही परंपरा पाहा. कागदावर रंगविलेली चित्रे एकामागून एक प्रेक्षकांपुढे धरावयाची, आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान सांगावयाचे. जोडीला कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या आहेतच. दिव्याचा उजेड, पडदा, हलणारी छाया आणि निवेदकाचा आवाज ही चित्रपटाची सारी अंगे तेथे पूर्वीपासून आहेत. ही कला टिकविणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. वारली चित्रकलेतील जिव्या सोमा मशे यांना तो सन्मान २०११ मध्ये लाभला होता. तेव्हा आदिवासी समाजाला कथा कशी दाखवावी हे बाहेरच्यांनी शिकवावयाचे आहे, अशा समजुतीने जो कॅमेरा घेऊन वाडीवर जातो, तो आरंभच चुकीचा करतो.

पडद्यावर काय घडले

आदिवासींचे चित्रण बाहेरच्या माणसाने केले म्हणजे ते वाईटच असते, असे मात्र म्हणता येणार नाही. मराठीतील एक मोठे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. माथेरानच्या डोंगररांगेपलीकडे कर्नाळ्याचा सुळका आहे. त्या परिसरातील ठाकरांच्या जीवनावर गो. नी. दांडेकर यांनी ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली आणि १९७७ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट केला. भगताचा मुलगा नाग्या, त्याला साथ देणारी चिंधी, डोंगरावरच्या मधमाश्या आणि त्यांना जिंकण्याचा नाग्याचा ध्यास, अशी ती कथा. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका, ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांमुळे तो चित्रपट मराठी माणसाच्या मनात कायमचा राहिला. या चित्रपटातील ठाकर हा कोणाच्या करमणुकीसाठी नाचणारा नाही. त्याला ध्येय आहे, श्रद्धा आहे, शंका आहे. तो आपल्या दैवाशी भांडतो. कथेचा नायक तो स्वतःच आहे. ही गोष्ट लहान नव्हे.

तीन वर्षांनी, १९८० मध्ये, गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ हा हिंदी चित्रपट आला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू या आदिवासीवर पत्नीच्या खुनाचा आरोप आहे. खरे गुन्हेगार गावातील प्रतिष्ठित आहेत, आणि लहान्या आपल्या वकिलाशीही एक शब्द बोलत नाही. ओम पुरी यांनी ही भूमिका जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर मौनात उभी केली. चित्रपट त्या मौनाची लाज प्रेक्षकाला वाटावयास लावतो. न्यायालय, वकील, पोलीस, वृत्तपत्र हे सारे आदिवासीविषयी बोलतात, तो मात्र बोलू शकत नाही, हे ‘आक्रोश’ने दाखविले. त्यातील सरकारी वकील स्वतः आदिवासी आहे. शिक्षणाने वर आलेल्या त्या माणसाला दूरध्वनीवरून शिव्या ऐकाव्या लागतात आणि तोही गप्प राहतो. दोन आदिवासी, एक निरक्षर आणि एक विद्याविभूषित, आणि दोघांचीही वाणी बंद. हे निदान अचूक होते.

परंतु याच दोन उत्कृष्ट चित्रपटांपुढे एक प्रश्न उभा राहतो. दोन्हींचे लेखक, दिग्दर्शक, प्रमुख नट आणि संगीतकार आदिवासी समाजाबाहेरचे होते. त्या काळात अन्य काही शक्य नव्हते, असे म्हणता येईल, आणि त्या कलावंतांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ गेला. या काळात कातकरी किंवा ठाकूर समाजातील किती तरुण कॅमेऱ्यामागे उभे राहिले, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते. २०१४ मध्ये डॉ. प्रकाश आमटे यांच्या हेमलकसा येथील कार्यावर मराठी चित्रपट निघाला. माडिया गोंडांच्या प्रदेशात आयुष्य वेचणाऱ्या त्या दांपत्याचे कार्य वंदनीयच आहे, आणि ते पडद्यावर आले हे योग्यच झाले. तथापि अशा कथांची रचनाच अशी असते की बाहेरून येणारा उपकारकर्ता केंद्रस्थानी राहतो आणि आदिवासी हा उपकार घेणारा होतो. शासकीय विभागांच्या माहितीपटांतही पुष्कळदा हेच घडते. लाभार्थी कॅमेऱ्यासमोर येतो, योजनेचे नाव घेतो, आभार मानतो आणि निघून जातो. त्याचे घर दिसते, त्याची कथा ऐकू येत नाही.

कथेची वाणी ज्याची त्याला मिळाली म्हणजे काय बदल होतो, याचे उदाहरण नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त दिसते. २०१३ मधील या चित्रपटातील जब्या हा कैकाडी कुटुंबातील मुलगा. कैकाडी हा समाज आपल्याकडे विमुक्त जातींत मोडतो, आदिवासींत नव्हे. पण उपेक्षेचा अनुभव सारखाच आहे. ‘फँड्री’ हा शब्दच कैकाडी भाषेतील. त्याचा अर्थ डुक्कर. दिग्दर्शक स्वतः वडार समाजातून आलेले. प्रेक्षकाने या मुलाची कीव करावी असे तो चित्रपट कोठेही सुचवीत नाही. शेवटी जब्याचा दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. दूर उभे राहून सहानुभूती दाखविणाऱ्याला असा शेवट सुचणे अवघड आहे. या चित्रपटाला पदार्पणातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

उल्हासनगरचा धडा

एखादा समाज आपली वाणी कशी राखतो, हे पाहावयाला आपणास दूर जावे लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा देण्यात आला, आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. भूमी गेली, घरे गेली, नदी गेली. भाषा तेवढी बरोबर आली. सिंधी समाजात ‘भगत’ नावाचा एक लोकप्रकार आहे. त्यात गायक नाचत, गात, मध्येच कथा सांगत रात्र जागवितो. संत भगत कंवरराम हे या परंपरेतील थोर नाव. आपल्या ठाकूर वाडीवरही ‘भगत’ असतो. दोन्हींचे स्वरूप भिन्न आहे, तरी देवाचे आणि समाजाचे नाते वाणीने जोडणारा तो भगत, ही कल्पना दोघांचीही आहे.

निर्वासित होऊन दहा-अकरा वर्षे झाली असतील नसतील, तोच १९५८ मध्ये ‘अबाणा’ हा सिंधी चित्रपट निघाला. पुढे हिंदीत गाजलेल्या अभिनेत्री साधना यांचा तो आरंभीचा चित्रपट. भूमी नसलेल्या भाषेला भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये स्थान मिळाले. या समाजाजवळ व्यापार होता, शिक्षण होते, लिपी होती आणि संघटना होती. त्याच उल्हास नदीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कातकऱ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. म्हणून एकाची भाषा पडद्यावर आली आणि दुसऱ्याची वाडीच्या बाहेरही पडली नाही. हा दोष कोणत्याही समाजाचा नाही. भाषा केवळ प्रेमाने टिकत नाही, तिला साधनांचा आधार लागतो, एवढाच याचा अर्थ.

अन्यत्र काय झाले

कॅनडाच्या उत्तर टोकाकडील बर्फाळ प्रदेशात इन्युइट लोक राहतात. १९२२ मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी त्यांच्यावर ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा प्रसिद्ध माहितीपट केला. त्या काळी इन्युइट शिकारी बंदूक वापरीत होते. परंतु चित्रपटासाठी त्यांना जुन्या पद्धतीच्या भाल्याने शिकार करावयास लावले गेले. कॅमेऱ्याला जुनाट आदिवासी हवा होता, म्हणून जिवंत माणसाला भूतकाळात ढकलण्यात आले. आपल्याकडे वाडीवरच्या मुलाला पँट उतरवून लंगोटी नेसावयास सांगणारा छायाचित्रकार त्याच वाटेने जात असतो.

पुढे त्याच इन्युइट लोकांच्या इग्लूलिक या वस्तीसमोर दूरचित्रवाणी स्वीकारावी की नाही, असा प्रश्न आला. पंचायत सदस्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये त्या गावाने मतदान करून दूरचित्रवाणी नाकारली. पडद्यावर आपल्या भाषेतील काहीच नसेल, तर मुले आपल्याशी बोलणार नाहीत, ही त्यांची भीती. इन्युइट भाषेतील प्रक्षेपणाची व्यवस्था झाल्यावर १९८३ मध्ये त्यांनी तिला संमती दिली. त्याच गावातील झकरायस कुनुक यांनी आपल्या कोरीव मूर्ती विकून १९८१ मध्ये व्हिडिओ कॅमेरा घेतला. वीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांचा ‘अतनारजुआत’ हा चित्रपट आला. वृद्धांकडून एकाच दंतकथेचे निरनिराळे पाठ ऐकून घेऊन, त्यांवरून तो संपूर्णतः इन्युइट भाषेत रचलेला होता. कान येथील महोत्सवात पदार्पणाच्या सर्वोत्तम चित्रपटाचे पारितोषिक त्याला लाभले. गावाने आधी नकार दिला होता म्हणूनच त्याच्या होकाराला मोल आले.

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ मध्ये एक छोटे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. तेथील कार्यक्रम चरोतरच्या बोलीत होत. जातिभेद, मजुरी, सावकारी अशा विषयांवरील नाट्यांत ग्रामस्थ स्वतः भाग घेत. त्या प्रकल्पाला १९८४ मध्ये ग्रामीण संपर्कमाध्यमांसाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तो प्रकल्प आज अस्तित्वात नाही, पण बोलीत कार्यक्रम केले तर लोक ते आपले मानतात, हे त्याने सिद्ध केले. झारखंडात कुडुख भाषिक उरांव समाजातील बिजू टोप्पो यांनी मेघनाथ यांच्यासमवेत ‘अखरा’ या संस्थेतून विस्थापन, खाणी, जंगल आणि गाणी यांवर माहितीपट केले. ‘अखरा’ म्हणजे गावाने एकत्र जमून नाचण्या-गाण्याची जागा. संस्थेच्या नावातच तिचे धोरण आहे.

कायदा काय सांगतो

आता व्यवहाराकडे वळू. वाडीवरच्या वृद्धेने गायिलेले गीत कोणी ध्वनिमुद्रित करून नेले, तर तिचा काही हक्क आहे काय? आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने ‘प्रयोगकर्त्याचा’ हक्क मान्य झाला. गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचाही उल्लेख या व्याख्येत आहे. प्रयोगकर्त्याच्या संमतीशिवाय त्याच्या प्रयोगाचे मुद्रण करणे हा त्या हक्काचा भंग होय. हा हक्क ५० वर्षे टिकतो. मात्र चित्रपटात समावेश करण्यास एकदा लेखी संमती दिली, की निर्मात्याला अडविता येत नाही. तरीही २०१२ च्या दुरुस्तीनुसार व्यापारी उपयोगासाठी स्वामित्वधन मागता येते, आणि आपल्या प्रयोगाशी आपले नाव जोडले जावे असा आग्रहही धरता येतो. म्हणून वाडीवर कोणी कागद पुढे करून अंगठा मागितला, तर तो कागद आधी ग्रामसेवकाने किंवा शिक्षकाने मोठ्याने वाचून, समजावून दिला पाहिजे.

या कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. तो गाणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देतो. मूळ कथा ज्या समाजाची, त्या समाजाला देत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आहे, पण कथेला तसे मिळालेले नाही. १९९६ च्या पेसा अधिनियमाने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला. आपला अंबरनाथ तालुका त्या क्षेत्रात मोडत नाही. तेव्हा येथील वाड्यांसाठी जे करावयाचे ते पंचायतीच्या समजुतीने आणि ठरावानेच करावे लागेल.

आपण काय करावे

शिक्षकांना माझी पहिली विनंती अशी की, स्नेहसंमेलनातील तो पिसांचा नाच बंद करावा. त्याऐवजी वाडीवरील ज्येष्ठांना बोलवावे आणि ते जे शिकवतील तेच मुलांनी करावे. ते ज्याला ‘हे सर्वांपुढे करावयाचे नाही’ असे म्हणतील, ते करू नये. दुसरी विनंती बोलीविषयीची. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. कातकरी बोली मराठीच्या जवळची असली तरी तिला स्वतःचे वळण आहे. आठवड्यातील एक तास वाडीवरील आजीने आपल्या बोलीत कथा सांगण्यासाठी ठेवला, तर त्यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही. आपली आजी शाळेत खुर्चीवर बसून शिकवीत आहे, हे मुलाने पाहणे हेच मोठे शिक्षण आहे.

पंचायत सदस्यांनी एक साधा ठराव करावा. गावात वा वाडीवर चित्रीकरणासाठी येणाऱ्याने आधी वाडीच्या बैठकीत हेतू सांगावा. ज्यांचे चित्रीकरण होईल त्यांची नावे श्रेयात द्यावीत. मोबदला आधी ठरवावा. आणि पूर्ण झालेल्या कामाची एक प्रत गावाला देऊन ती गावात दाखवावी. पुष्कळ माहितीपट परदेशी महोत्सवांत पोहोचतात, परंतु ज्यांच्यावर ते काढले त्यांच्या अंगणात पोहोचत नाहीत. हा ठराव कायद्यासारखा बंधनकारक नसेल. पण विचारण्याची प्रथा पडली, की न विचारणारा आपोआप उघडा पडतो.

अधिकारी मित्रांना एवढेच सांगावयाचे आहे की, विभागासाठी माहितीपट काढताना निविदेच्या अटींत बोली, स्थानिक सहायक आणि श्रेय यांचा समावेश करावा. शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्याकडे या कामी मार्गदर्शन मागता येईल. आश्रमशाळेत नववी-दहावीत शिकणाऱ्या, हाती भ्रमणध्वनी असलेल्या मुला-मुलींना चित्रण आणि संकलन यांचे थोडे प्रशिक्षण दिले, तर आपल्या आजोबांकडून कथा टिपून घेण्याचे काम त्यांच्याइतके चांगले कोणी करणार नाही. आजोबा जे परक्याला सांगणार नाहीत, ते नातवाला सांगतील.

यावर एक आक्षेप येईल. आदिवासींची कथा आदिवासींनीच सांगावी, हा आग्रह धरला तर कलेला कुंपण पडणार नाही काय? ‘जैत रे जैत’ निघालाच नसता, असेही म्हणता येईल. माझे उत्तर असे की, बाहेरच्यासाठी दार बंद करा, असे कोणीही म्हणत नाही. घरात पाहुणा यावा, गोष्ट ऐकावी, ती आपल्या पद्धतीने सांगावी. मात्र आज त्या घरात पाहुणाच बोलतो आहे आणि घरधनी ऐकतो आहे. घरधन्यालाही बोलता यावे, आणि पाहुण्याने आत येण्यापूर्वी विचारावे, एवढीच मागणी आहे. बाहेरच्या कलावंताचे उत्तम चित्रपटही त्यामुळे अधिक उत्तम होतील, कारण चूक दाखवून देणारा कोणी तरी समोर असेल.

मित्रहो, या कामाला मुदत आहे. रस्ता पुढच्या वर्षी होऊ शकतो, इमारत दोन वर्षांनी पूर्ण होऊ शकते. वाडीवरील पाऊणशे वर्षांच्या वृद्धेजवळ असलेल्या कथेला मात्र पुढील अंदाजपत्रकाची वाट पाहता येत नाही. आपल्या तालुक्यातील प्रत्येक शाळेने येत्या दिवाळीपूर्वी, म्हणजे कुटुंबे भट्टीवर निघण्याआधी, एका वाडीवर जावे, एका ज्येष्ठ स्त्री-पुरुषाची संमती घ्यावी आणि एक कथा तिच्याच बोलीत मुद्रित करून तिची प्रत त्या वाडीला द्यावी. एवढा संकल्प घेऊन आपण येथून उठलो, तर आजची सभा सार्थकी लागली असे मी मानीन.